सकाळी उपाशीपोटी नको, ड्युटी सुटताना द्या

मागच्या वर्षी पावसाळा सुरू व्हायच्या आसपास आमच्या लॅबमधे एका पेट्रोल पंपावरच्या बावीस लोकांची सॅम्पल्स आली. रक्त आणि लघवी दोन्ही. आरोग्य शिबिर झालं होतं, शुगर, कोलेस्ट्रॉल, हिमोग्लोबिन असं नेहमीचं पॅकेज, आणि त्यात कुणीतरी चांगल्या मनाने "बेंझिन पण बघून घ्या" असं टाकलं होतं. बेंझिन म्हणजे पेट्रोलमधलं उडून जाणारं रसायन, जे शरीरात रक्त बनण्यावरच घाला घालतं. मी ही टेस्ट गेली अकरा वर्षं करतीये त्यामुळे मला खरंच आनंद झाला, कारण पंपावरच्या लोकांचं बेंझिन बघावं असं स्वतःहून कुणाला वाटणं ही रोज घडणारी गोष्ट नाहीये. सॅम्पल्स लावली, रिपोर्ट गेले, जवळजवळ सगळे नॉर्मल. शिबिरवाल्यांनी फाइल बंद केली.

आणि मग आठवड्याभराने एक काका लॅबच्या काउंटरवर आले. पंपाचा युनिफॉर्म अंगावर, पन्नाशी ओलांडलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. म्हणले, "मॅडम, माझं नाव लिस्टमधे नाही. माझं रक्त घेतलंच नाही त्यांनी." मी विचारलं का बरं. तर म्हणले, मी रात्रपाळी करून सकाळी सहाला सुटलो, शिबिर सातला होतं म्हणून थांबलो, पण पहाटे चहा बिस्किट खाल्लं होतं, तर ते पोरगं म्हणलं उपाशीपोटी नाही तुम्ही, तुमचं चालणार नाही, घरी जा.

मला तिथेच धस्स झालं. अख्ख्या पंपावर ज्यांचं सॅम्पल सगळ्यात कामाचं होतं ते रात्रपाळीचे चार लोक चहा प्यायले म्हणून घरी पाठवले होते, आणि ज्यांचं घेतलं ते सकाळच्या पाळीचे, म्हणजे आदल्या दिवशी दुपारी दोनला सुटलेले, घरी जाऊन आंघोळ करून जेवून झोपून आलेले. त्यातल्या दोघांची तर आदल्या दिवशी सुट्टीच होती.

हे पोस्ट त्यासाठीच लिहितीये. आपल्याकडे रक्त तपासायचं म्हणलं की डोक्यात एकच येतं, सकाळी, उपाशीपोटी. शुगरला ते बरोबर आहे. पण हवेतून शरीरात जाणारे जे उडून जाणारे पदार्थ आहेत, बेंझिन, टोल्यूइन, झायलिन, स्टायरिन, क्लोरोफॉर्म, यांच्यासाठी ते अगदी उलटं आहे. मशीन कितीही भारी असलं तरी सॅम्पल कधी घेतलं आणि कशात घेतलं यावरच सगळं ठरतं, आणि हे दोन्ही आमच्या हातात नसतं, ते बाहेर घडतं.

जरा हिशोब मांडून बघू. बेंझिन श्वासातून रक्तात गेलं की त्याचा काही भाग परत श्वासातून बाहेर पडतो, काही चरबीत जाऊन बसतो, आणि बाकीच्याचे लिव्हर तुकडे करतं आणि ते लघवीतून बाहेर पडतात. रक्तातलं बेंझिन तर बाहेरच्या हवेत आल्यावर लगेचच झपाट्याने उतरायला लागतं. त्याचा जो तुकडा आम्ही लघवीत मोजतो, एस-फिनाइलमरकॅप्चुरिक अ‍ॅसिड, आम्ही सगळे एसपीएमए म्हणतो, तो साधारण दर नऊ तासांनी निम्मा होतो. दुसरा तुकडा म्युकोनिक अ‍ॅसिड, तो साधारण पाच तासांनी निम्मा. आता दुपारी दोनला सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सॅम्पल देतोय म्हणजे मधे सतरा तास गेले. एसपीएमए उरलं पावभर, म्युकोनिक उरलं दहावा हिस्सा. ज्याची मधे सुट्टी होती त्याचे एक्केचाळीस तास झाले, त्याचं एसपीएमए वीस-पंचवीसावा हिस्सा. मग रिपोर्ट नॉर्मल येणार नाही तर काय होणार! अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने कामगारांसाठी जो आकडा दिला होता आणि जो लॅबमधे बरीच वर्षं वापरात आहे, एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (लघवी किती घट्ट ते यावरून कळतं) २५ मायक्रोग्रॅम एसपीएमए, तो शिफ्ट संपतानाच्या लघवीसाठीच आहे. सकाळच्या उपाशी सॅम्पलला तो आकडा लावणं म्हणजे पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात बादली ठेवून पाऊस मोजणं.

आता जरा मोजतो कसं ते सांगते, कारण बरेच जण विचारतात की वास येतो ती गोष्ट रक्तात कशी काय सापडते.

रक्तातलं बेंझिन मोजायचं म्हणजे किती कमी मोजायचं हे आधी बघा. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अटलांटातल्या लॅबने रक्तातल्या या पदार्थांची पद्धत बसवली, त्यांच्या देशभरच्या सर्वेक्षणात बेंझिनसाठीची खालची मर्यादा एका मिलिलिटर रक्तात ०.०२४ नॅनोग्रॅम धरलेली असायची, म्हणजे २४ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. हे डोक्यात बसत नाही म्हणून मी आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरापोरींना खडकवासल्याचं उदाहरण देते. धरण पूर्ण भरलं की साधारण दोन टीएमसी पाणी, त्या अख्ख्या पाण्यात सव्वा ते दीड किलो बेंझिन मिसळलं तर जे प्रमाण होईल ते हे. आणि ते तीन मिलिलिटर रक्तातून शोधायचं.

त्यासाठी रक्त थेट मशीनला देत नाहीत, रक्ताने कॉलमची, म्हणजे पदार्थ वेगळे करणाऱ्या आतल्या बारीक नळीची, वाट लागेल. रक्त काचेच्या छोट्या बाटलीत घालायचं, वरून टेफ्लॉनचा थर असलेली चकती आणि अ‍ॅल्युमिनियमचं टोपण क्रिंपरने दाबून बसवायचं, आणि बाटली हलक्या उष्णतेवर हलवत ठेवायची. उडणारा पदार्थ रक्तातून वर येतो आणि बाटलीतल्या रिकाम्या जागेत हवेत जमतो, त्याला हेडस्पेस म्हणतात. कुकरचं झाकण उघडायच्या आधीच आत काय शिजतंय ते वासावरून कळतं ना, तसंच. फार गरम करून चालत नाही कारण रक्त गोठतं, त्यातली प्रोटीन्स अंड्यासारखी घट्ट होतात आणि बेंझिन आत अडकून बसतं. लघवीचं सोपं आहे, तिच्यात मीठ घालतो, साधं सोडियम क्लोराइड पण भट्टीत भाजून घेतलेलं, आणि मिठाने हे पदार्थ पाण्यातून बाहेर ढकलले जातात.

मग त्या वरच्या हवेत एक सुई जाते आणि सुईतून केसासारखा बारीक काळा धागा बाहेर येतो. हा एसपीएमईचा, म्हणजे सॉलिड फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शनचा फायबर. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी १९९० च्या सुमाराला ही कल्पना काढली आणि माझ्या मते आमच्या धंद्यात गेल्या पन्नास वर्षांत एवढी सुंदर गोष्ट दुसरी झाली नाही. त्या धाग्यावर कार्बनचे कण बसवलेले असतात, ते हवेतलं बेंझिन टोल्यूइन शोषून धरतात, मग धागा गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या तोंडात गेला की सगळं एकदम सुटतं, लांबलचक कॉलममधून एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्याचं वजन बघून ओळखतो. मेटा झायलिन आणि पॅरा झायलिन मात्र नेहमीच्या कॉलमवर वेगळे होत नाहीत, जुळ्या भावांसारखे एकाच पीकमधे (क्रोमॅटोग्राम या आलेखावरच्या उंचवट्यात) येतात, त्यामुळे रिपोर्टवर दोघांचं मिळून एकच लिहितो.

याच्या आधी पर्ज अँड ट्रॅप होतं, रक्तातून शुद्ध हीलियमचे बुडबुडे सोडायचे आणि उडालेलं एका नळीत अडकवायचं. सीडीसीवाल्यांनी १९९० च्या दशकात याच पद्धतीने सर्वेक्षणातल्या सहाशेपेक्षा जास्त साध्या लोकांच्या रक्तात ३२ पदार्थ मोजून दाखवले. साधे लोक म्हणजे कारखान्यात काम न करणारे. त्यात पॅराडायक्लोरोबेंझिन, म्हणजे कपाटातल्या कीडनाशक गोळ्या आणि मुतारीतल्या वड्या ज्याच्या असतात ते, जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात सापडलं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा घरी येऊन आईच्या साडीच्या कपाटातल्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचलं होतं. पण रक्तात बुडबुडे सोडले की फेस येतो, दूध उतू जातं तसा, म्हणून त्यात फेस मोडणारं रसायन घालायला लागायचं, आणि त्या रसायनातच पुन्हा हे पदार्थ थोडेथोडे असायचे, म्हणजे ते आधी साफ करा. या कामात नव्वद टक्के वेळ असाच जातो, मोजण्यात नाही, जे मोजायचं नाही ते बाहेर ठेवण्यात.

ट्यूबचंच बघा. या कामाला ग्रे टोपणाची ट्यूब लागते, शुगरला वापरतात तीच, फ्लोराइड ऑक्झलेटवाली, कारण फ्लोराइडने रक्तातल्या पेशींचं कामकाज थांबतं. पण बाजारातली ट्यूब जशीच्या तशी चालत नाही. तिचं रबरी बूच! रबरात स्वतःचेच किती तरी पदार्थ असतात आणि ते बंद ट्यूबमधे रक्तात उतरत राहतात. म्हणून बुचं काढून व्हॅक्यूम ओव्हनमधे दिवसेंदिवस भाजायची, आतलं फ्लोराइड ऑक्झलेटसुद्धा भाजायचं, मग पुन्हा निर्जंतुक करून बंद करायचं. आम्ही अशा तयार ट्यूब आमच्याकडून देतो. त्या शिबिरवाल्यांनाही दिल्या होत्या, पण त्या खोक्यात तशाच परत आल्या, रक्त त्यांनी त्यांच्या नेहमीच्या ट्यूबमधे घेतलं होतं.

काका येऊन गेल्यावर मी त्यांच्याकडून त्याच लॉटच्या दोन कोऱ्या ट्यूब मागवून घेतल्या. दोन्हीत आमचं साफ पाणी भरलं, रात्रभर फ्रीजमधे ठेवलं, सकाळी रक्त समजून लावलं. टोल्यूइन, झायलिन, स्टायरिन, तिन्हीचे पीक आले. नुसतं पाणी होतं हो ते. म्हणजे त्या बावीस रिपोर्टवर जे थोडंफार टोल्यूइन दिसत होतं त्यातलं किती माणसाचं आणि किती बुचाचं हे सांगायला आता काही मार्गच नव्हता. मी आमच्या लॅबच्या सरांना दाखवलं, त्यांनी शिबिरवाल्यांना पत्र लिहिलं की हे रिपोर्ट ग्राह्य धरू नका. त्यांचं उत्तर आलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे कारण लोकांना वाटतं की तंत्रज्ञानाने हे सगळं सांभाळलं जातं. आम्ही प्रत्येक सॅम्पलमधे सुरुवातीलाच जड हायड्रोजनचं बेंझिन ठराविक प्रमाणात टाकतो, डी-सिक्स. साध्या बेंझिनचं वजन ७८, याचं ८४, बाकी वागणं जवळजवळ सारखंच. बाटलीतून थोडं उडालं, फायबरने कमी पकडलं, तर दोघं बरोबरीने कमी होतात, आणि आम्ही दोघांचं गुणोत्तर बघतो म्हणून उत्तर बरोबर येतं. फार हुशार युक्ती आहे. पण डी-सिक्स फक्त आमच्या टेबलापासून पुढचं सांभाळतं. पंपावर ट्यूब अर्धा तास उघडी राहिली, रक्त अर्धंच भरलं आणि वर मोकळी जागा ठेवली, आइसपॅक विसरले, त्यातलं काहीच ते परत आणू शकत नाही. टोचायच्या आधी चोळलेलं स्पिरिट नीट वाळू न देता सुई घातली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा डोंगर येतो क्रोमॅटोग्रामवर.

आणि आमच्या स्वतःच्या खोलीतलं पण असतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तीन दिवस माझ्या ब्लँकमधे झायलिन येत होतं. ब्लँक म्हणजे ज्यात काही नसायला पाहिजे ते पाणी, आम्ही ते उकळून वर नायट्रोजन सोडून साफ करतो कारण नळाच्या पाण्यात क्लोरीनमुळे क्लोरोफॉर्म असतंच. मी पाणी बदललं, मीठ बदललं, फायबर बदलला, सेप्टम बदलला, बाटल्या पुन्हा भाजल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खायला खाली गेले तर तळमजल्यावर जिन्याच्या ग्रिलला ऑइलपेंट चालू होता. पेंटरदादा थिनरमधे ब्रश बुडवत होता आणि एसीची ताजी हवा आत घ्यायची जाळी त्याच्या डोक्यावर दीड हातावर. वर आले, रन थांबवला, पेंट वाळेपर्यंत एकही पेशंटचं सॅम्पल लावलं नाही. त्या तीन दिवसांत लावलेली स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांची सॅम्पल्स रद्द करून त्यांना परत बोलवायला लागलं, त्यांची एक दिवसाची मजुरी बुडाली, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून दर पाच सॅम्पलमागे एक ब्लँक लावते, आधी दहामागे लावायचे.

आता कुणी म्हणेल रक्ताची एवढी कटकट तर लघवीतले तुकडेच मोजा ना, ते उडत नाहीत. बरोबर आहे, आणि कामगारांसाठी आम्ही बहुतेक तेच करतो, पण त्याचीही आपली वेगळी दुखणी आहेत.

म्युकोनिक अ‍ॅसिड एचपीएलसी नावाच्या मशीनवर होतं, स्वस्त पडतं, म्हणून भारतात तेच जास्त केलं जातं. पण ब्रेड, केक, चीज, जॅम टिकायला जे सॉर्बेट घालतात, पाकिटावर आयएनएस २०२ लिहिलेलं असतं बघा, त्याचा थोडासा भाग शरीरात म्युकोनिक अ‍ॅसिडच बनतो. थोडासाच, पण जिथे बेंझिन कमी आहे तिथे तेवढ्याने गोंधळ होतो. पंपावरचा पोरगा पेट्रोल भरत नव्हता तरी रोज पाकिटातला केक खात असेल तर आकडा वर. टोल्यूइनचं तर अजून अवघड. त्याचा तुकडा हिप्युरिक अ‍ॅसिड, आणि तो सोडियम बेंझोएटपासूनही बनतो, आयएनएस २११, म्हणजे विकतचं लोणचं, सॉस, सरबत. एवढंच नाही, आपल्या चहापासूनही शरीरात हिप्युरिक अ‍ॅसिड तयार होतं. पाच पाच कप चहा पिणाऱ्या प्रेसमधल्या माणसाच्या लघवीत हिप्युरिक मोजून टोल्यूइन किती गेलं ते सांगणं मला पटत नाही, आणि आता जगभर ते मागेच पडलंय, त्याऐवजी लघवीतलं न बदललेलं टोल्यूइन किंवा ऑर्थोक्रेसॉल बघतात. तरी अजून कितीतरी ठिकाणी फॅक्टरीच्या मेडिकलमधे हिप्युरिकच छापून येतं.

एसपीएमए या सगळ्यात खात्रीचं, ते खाण्यातून येत नाही. सिगरेटमधून मात्र येतं, कारण सिगरेटच्या धुरात बेंझिन असतं, म्हणून फॉर्मवर बिडी-सिगरेटचं खरं लिहायला सांगा हो, कुणी रागवायला बसलेलं नाहीये. पण शरीरात गेलेल्या बेंझिनच्या हजारात एखादाच भाग एसपीएमए होतो त्यामुळे एलसीएमएसएमएस या फार बारीक मोजणाऱ्या मशीनशिवाय ते दिसत नाही. आणि त्यात एक मेख आहे जी मला फार उशिरा कळली. लघवीत खरं तर आधी त्याचं कच्चं रूप असतं, आणि अ‍ॅसिड टाकलं की त्या कच्च्याचं एसपीएमए बनतं. मग एका लॅबने सॅम्पल चांगलं आंबट केलं, दुसरीने थोडंसंच केलं, तर त्याच बाटलीतली लघवी आणि दोन लॅबचे दोन आकडे, आणि दोघींची मशीन एकदम व्यवस्थित! म्हणून आम्ही प्रत्येक सॅम्पलचा पीएच लिहून ठेवतो, रिपोर्टवर सुद्धा.

क्रिएटिनिनचं एक राहिलं. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट, जास्त प्यायलं की पातळ, म्हणून सगळं क्रिएटिनिनने भागतो, आणि लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली किंवा ३ ग्रॅमच्या वर क्रिएटिनिन असेल तर सॅम्पल परत मागतो. पंपावरच्या बायकांची सॅम्पल्स बऱ्याचदा घट्ट येतात. एकीला विचारलं तर म्हणली, "ताई, बाथरूम गिऱ्हाइकांचंच, सारखं जाता येत नाही, म्हणून पाणीच पीत नाही."

हे सगळं एवढं जिवाला लावून घेण्याचं कारण बेंझिन आहे. ते हाडांच्या आतल्या, रक्त बनवणाऱ्या मज्जेवर जातं. १८९७ मधे स्वीडनमधे सायकलचे टायर बनवणाऱ्या मुलींचं रक्त बनायचं थांबल्याची नोंद झाली, तेव्हापासून हे माहितीये. १९७० च्या दशकात इस्तंबूलमधे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी बंद खोलीत गोंद लावून बूट-चप्पल बनवणाऱ्या कामगारांमधे ल्युकेमिया दाखवून दिला, गोंदात बेंझिन होतं. आपल्या मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या बूट बनवणाऱ्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती खोली वेगळी सांगायला नको. आपल्याकडे पेट्रोलमधे बेंझिन एक टक्क्याच्या वर नको असा नियम आहे, आणि पूर्वीपेक्षा ते खूप कमी झालंय हे खरंच चांगलं झालं. पण एक टक्का म्हणजे लिटरला दहा मिलिलिटर, आणि जो माणूस आठ तास नोझल धरून उभा राहतो, टँकरची गाडी खाली करताना वर चढून झाकण उघडतो, काठी टाकून डीप घेतो, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजतो, आणि मग हाताचं ग्रीस काढायला त्याच पेट्रोलने हात धुतो, त्याला तो एक टक्का कमी नाही. आणि आपण गिऱ्हाइकं! ऑटोकट झाला, म्हणजे नोझल आपोआप बंद झालं, तरी "दादा, राउंड करा", "अजून थोडं बसेल की". तो शेवटचा घोट भरताना टाकीतली सगळी वाफ त्याच्या तोंडावर येते.

तर काका. मी सरांच्या मागे लागले, सरांनी पंपाच्या मालकांशी थेट बोलून घेतलं, ते भला माणूस निघाले, म्हणले पुन्हा करा, तुम्ही सांगाल तसं. मग मी स्वतः गेले. दुपारी दोनला सकाळची पाळी सुटते तेव्हा एकदा आणि सकाळी सहाला रात्रपाळी सुटते तेव्हा एकदा. उपाशी कुणी नको, चहा प्या, नाश्ता करा. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, युनिफॉर्म बदलायचा, कारण शर्टाच्या बाहीवरचं पेट्रोल बाटलीत पडलं तर तेच मोजलं जाईल. बाटली काचेची, प्लास्टिकची नाही, प्लास्टिक हे पदार्थ शोषतं. न बदललेलं बेंझिन मोजायची छोटी बाटली काठोकाठ भरायची, वर हवा नको, आणि लगेच बर्फात. आणि हे सगळं पंपावर करायचं नाही, आम्ही रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला विनंती करून त्यांची खोली घेतली होती.

पंपावर मात्र मी एक बाटली ठेवली. मशीनच्या शेजारी, ऑफिसच्या खिडकीच्या कट्ट्यावर, आमचं साफ पाणी भरून, झाकण उघडं. सकाळी काका सुटून आले, हात धुतले, आणि खिडकीकडे बोट करून म्हणले, "ती बाटली कुणाची राहिली तिथं?" म्हणलं काका, ती कुणाची नाही, ती पंपाच्या हवेची. तुमची बाटली चुकून तिथे उघडी राहिली असती तर त्यात किती शिरलं असतं ते कळायला ठेवलीये. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणले, "म्हणजे पाणी पण ड्युटी करतंय आमच्याबरोबर."

त्या पाण्यात बेंझिन आलं. टोल्यूइन आलं, झायलिन आलं, सगळे ओळीने. कार्यालयातल्या खोलीत ठेवलेली तशीच दुसरी बाटली जवळजवळ साफ होती, त्यामुळे यावेळी लोकांचे आकडे लोकांचेच होते यावर मी सही करू शकले. रात्रपाळीच्या चौघांपैकी दोघांचं एसपीएमए २५ च्या वर, त्यात काका. गाडी खाली करायचं काम तेच करतात, वीस वर्षं. शिबिरात ज्यांचे नॉर्मल आले होते त्यांचे पण यावेळी बहुतेकांचे वर सरकलेले, काहींचे दुपटीपेक्षा जास्त. आकडा वर म्हणजे आजार नाही, आकडा म्हणजे शरीरात किती गेलं तेवढंच, हे मी प्रत्येकाला बसवून सांगितलं, आणि वरच्यांना सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला आणि तो दर काही महिन्यांनी एकाच लॅबमधे करायला सांगितलं म्हणजे पेशी उतरतायत का ते कळेल. काकांचा सीबीसी ठीक आला. मालकांनी गाडी खाली करायचं काम आता तिघांत वाटून दिलंय आणि हात धुवायला पंपाच्या मागे बेसिन आणि साबण बसवलाय.

गेल्या सोमवारी काका पुन्हा आले होते, मोसंबी घेऊन. निघताना म्हणले, मॅडम माझा धाकटा पंक्चरच्या दुकानात आहे, दिवसभर सोल्युशन लावतो, बोटाने पसरवतो आणि वाळायला फुंकर मारतो. त्याचं बघता येईल का. म्हणलं आणा, बेंझिन नसलं तरी टोल्यूइन बघू. "सकाळी उपाशी पाठवू?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच हात हलवून म्हणले, नाही नाही, दुकान बंद करून.

शुक्रवारी संध्याकाळी साडेआठला येणारे तो. दोन बाटल्या ओव्हनमधे भाजायला लावल्यात.